पॉडकास्टसाठी मिक्सर घेताना चॅनेल नव्हे, ट्रॅक मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघे-चौघे जण एका टेबलाभोवती बसून गप्पांचा पॉडकास्ट रेकॉर्ड करणार आहेत आणि अधूनमधून एखादा पाहुणा फोनवरून सहभागी होणार आहे. डायनॅमिक मायक्रोफोन (बाहेरून वीज न लागणारे, पण क्षीण संकेत देणारे) आधीच घेऊन झाले आहेत. आता आठ-दहा चॅनेलचा, म्हणजे आवाज आत घेण्याच्या आठ-दहा वाटा असलेला यूएसबी मिक्सर घ्यावा, ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी) घ्यावा की खास पॉडकास्टसाठी तयार केलेले रेकॉर्डरसह मिक्सर यंत्र घ्यावे, हे ठरत नाही.

माझे उत्तर स्पष्ट आहे. या गरजेसाठी तिसरा पर्याय योग्य आहे, दुसरा काही अटींवर चालेल, आणि पहिला, म्हणजे सर्वांत जास्त बटणे असलेला व म्हणून सर्वांत मोह पाडणारा यूएसबी मिक्सर, बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. कारणे सविस्तर सांगतो, कारण ती कळली की बाजारात कोणतेही नवे यंत्र आले तरी त्याची पारख आपली आपल्याला करता येईल.

मिक्सर हे यंत्र मुळात अशा कामासाठी घडले आहे, जिथे सगळे आवाज त्याच क्षणी एकत्र करून श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचे असतात. सभा, नाटक, गाण्याचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण ही त्याची ठिकाणे. तिथे चुकलेले दुरुस्त करण्याची सोयच नसते, म्हणून प्रत्येक आवाजाला स्वतंत्र फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि स्वतंत्र इक्वलायझर (जाड-बारीक स्वर जुळवणारा) हवा आणि ते सांभाळणारा माणूसही हवा. पॉडकास्टचे तसे नाही. संभाषण चालू असताना मिक्सरवर बसायला वेगळा माणूस नसतो. सूत्रसंचालकच प्रश्नही विचारत असतो आणि फेडरवर नजरही ठेवत असतो. खरे मिक्सिंग नंतर, संपादनाच्या वेळी, शांतपणे करायचे असते. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी यंत्राकडून एकच मुख्य अपेक्षा ठेवावी: प्रत्येक माणसाचा आवाज त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवर, म्हणजे वेगळ्या ध्वनिमुद्रणात, स्वच्छ आणि न फाटता उतरला पाहिजे.

नेमके इथेच यूएसबी मिक्सर घेणाऱ्यांची फसगत होते. मिक्सरच्या नावात दहा चॅनेल असतात, वर दहा गुंड्या दिसतात, मागे यूएसबीचे भोकही असते. आपण समजतो की संगणकावर दहा ट्रॅक येतील. प्रत्यक्षात बहुसंख्य लहान ॲनालॉग मिक्सर यूएसबीवाटे फक्त दोन चॅनेल पाठवतात, म्हणजे सगळ्यांचा एकत्र झालेला स्टिरिओ मिक्स. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा उत्तम बनावटीचा, दहा चॅनेलचा मिक्सर आहे, पण त्याचे यूएसबी दोन आत, दोन बाहेर एवढेच आहे. हा त्या मिक्सरचा दोष नाही. तो ज्या कामासाठी बनवला आहे ते तो चोख करतो. पण चौघांच्या गप्पा त्यावर रेकॉर्ड केल्या की चार आवाजांची एकच मोळी बांधली जाते आणि ती पुन्हा सोडवता येत नाही.

ही गोष्ट मी स्वतः अनुभवातून शिकलो. सुरुवातीच्या काळात अशाच एका मिक्सरवर चौघांचे संभाषण रेकॉर्ड केले होते. पाहुण्या बाई आपल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होत्या, आवाज हळू झाला होता, आणि नेमक्या त्या वाक्यावर शेजारच्या माणसाला खोकल्याची उबळ आली. संपादनाला बसलो तेव्हा पडद्यावर एकच तरंगाकृती होती. तिच्यात बाईंचे शब्द आणि खोकला एकमेकांत मिसळलेले होते. खोकला कापला तर वाक्य तुटत होते आणि ठेवला तर ऐकवत नव्हते. शेवटी ते वाक्य गाळावे लागले. वेगळे ट्रॅक असते तर खोकणाऱ्याचा ट्रॅक दोन सेकंदांपुरता खाली ओढला असता. बाईंच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला दूरचा, क्षीण खोकला तेवढा उरला असता आणि तो कोणालाही खटकला नसता.

म्हणून माहितीपत्रक वाचताना 'चॅनेल' या शब्दाकडे पाहू नये. यूएसबी ऑडिओपुढे '२ बाय २', '१२ बाय ४' असे आकडे दिलेले असतात. त्यांतला पहिला आकडा म्हणजे यंत्राकडून संगणकाकडे एका वेळी किती स्वतंत्र प्रवाह जातात ते. यंत्रात एसडी कार्डावर रेकॉर्डिंगची सोय असेल, तर कार्डावर प्रत्येक मायक्रोफोनची वेगळी फाइल तयार होते का, हे स्वतंत्रपणे पाहावे, कारण या दोन गोष्टी एकसारख्या असतीलच असे नाही. झूम कंपनीचा पॉडट्रॅक पी४ हा पॉडकास्टसाठीचा रेकॉर्डर-मिक्सर याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या एसडी कार्डावर प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल मिळते, पण यूएसबीवर मात्र दोनच चॅनेल जातात. ज्याला कार्डावरच रेकॉर्ड करायचे आहे त्याला याने काही अडत नाही. ज्याला थेट संगणकात चार ट्रॅक हवेत, त्याच्या ते उपयोगाचे नाही.

यूएसबी मिक्सर आधीच घरात असेल आणि बोलणारे दोघेच असतील, तर एक जुनी युक्ती वापरता येते. एकाचा पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला वळवणारी गुंडी) पूर्ण डावीकडे आणि दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे फिरवावा. स्टिरिओ फाइलचे दोन भाग म्हणजेच दोन वेगळे ट्रॅक मिळतात. संपादनात ते वेगळे करून दोन्ही मध्यभागी आणायला मात्र विसरू नये, नाहीतर हेडफोनवर ऐकणाऱ्याच्या एका कानात प्रश्न आणि दुसऱ्या कानात उत्तर जाते.

दुसरा मुद्दा गेनचा, म्हणजे संकेत किती वाढवता येतो याचा, आणि डायनॅमिक मायक्रोफोन घेतलेल्यांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. तो वाढवण्याचे काम यंत्रातला प्रीॲम्प करतो आणि तो किती वाढवू शकतो हे डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये, सांगितलेले असते. पॉडकास्टमध्ये लोकप्रिय असलेल्या शुअर एसएम७बी या मायक्रोफोनची संवेदनशीलता उणे ५९ डीबीव्ही (एक व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डीबी) प्रति पास्कल (दाबाचे एकक) आहे, तर त्याच कंपनीच्या एसएम५८ची उणे ५४.५; आकडा जितका जास्त उणे तितका संकेत क्षीण. साध्या बोलण्याची पातळी एक मीटरवर साधारण ६० डीबी असते. तोंड मायक्रोफोनपासून १० सेंटिमीटरवर आणले की ती ८० च्या आसपास जाते, कारण अंतर निम्मे झाले की पातळी ६ डीबीने आणि दहापट कमी झाले की २० डीबीने वाढते. एक पास्कल म्हणजे ९४ डीबी. आपले बोलणे त्याहून १४ डीबी खाली. म्हणजे एसएम७बीमधून उणे ७३ डीबीव्ही, अर्थात सुमारे उणे ७१ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डीबी) एवढाच संकेत निघतो. रेकॉर्डिंगमध्ये सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या १८ डीबी खाली ठेवायची म्हटली आणि यंत्राची कमाल मर्यादा अधिक १२ डीबीयू धरली, तर संकेत उणे ६ डीबीयूपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे ६५ डीबी गेन हवा.

हा आकडा मनात ठेवून माहितीपत्रके पाहिली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत गेनची कक्षा ५६ डीबी होती, चौथ्या पिढीत ती ६९ झाली. पॉडट्रॅक पी४ मध्ये ७० डीबीपर्यंत गेन आहे आणि रोड कंपनीच्या रोडकास्टर प्रो २ या पॉडकास्ट मिक्सरमध्ये ७६. पॉडकास्टसाठीच्या यंत्रांमध्ये हा आकडा मोठा असण्याचे कारण हेच, की त्यांना अशाच मंद मायक्रोफोनशी गाठ घालावी लागते. गेन कमी असलेल्या यंत्रावर गुंडी पूर्ण फिरवूनही मीटर अर्ध्यावर जात नाही. मग माणूस नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवतो आणि त्याबरोबर यंत्राची सगळी खरखरही वर येते. असे यंत्र आधीच घेऊन झाले असेल, तर क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखा छोटा बूस्टर मायक्रोफोन आणि यंत्र यांच्यामध्ये जोडता येतो. तो यंत्राकडून मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे मायक्रोफोनच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालतो आणि सुमारे २५ डीबीची भर घालतो. पण चार मायक्रोफोनना चार बूस्टर घ्यायचे तर त्याच खर्चात जास्त गेनचे यंत्र येते का, याचा हिशेब आधी करावा.

गेनच्या जोडीला प्रीॲम्पच्या खरखरीचा आकडा दिलेला असतो. त्याला इनपुटशी समतुल्य नॉइज म्हणतात. तो जितका जास्त उणे तितका चांगला. १५० ओहम रोधाच्या (साधारण मायक्रोफोनएवढ्या) स्रोताला उणे १३१ डीबीयूच्या आसपास निसर्गानेच मर्यादा घातली आहे, कारण तारेतल्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेने होणारी हालचालच तेवढी खरखर निर्माण करते. चांगली यंत्रे उणे १२५ ते उणे १२९ पर्यंत जातात. आता वरच्या उदाहरणात आपला संकेत उणे ७१ वर आहे आणि प्रीॲम्पची खरखर उणे १२८ वर, म्हणजे दोहोंत ५७ डीबीचे अंतर आहे. त्याच्या तुलनेत साध्या, पंखा बंद केलेल्या खोलीतली शांतता ३५ डीबीची असते आणि आपले बोलणे ८० ची, म्हणजे अंतर ४५ डीबी. अर्थ सरळ आहे: बरा प्रीॲम्प असेल तर श्रोत्याला यंत्राची खरखर ऐकू येण्याआधी खोलीचा आवाज ऐकू येतो. म्हणून उणे १२५ च्या पुढच्या प्रत्येक डीबीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते जाड पडदे, गालिचा आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगतो. ज्या खोलीत टाळी वाजवली की ती घुमते, त्या खोलीत कोणतेही यंत्र बोलण्याला जवळीक आणू शकत नाही.

चौघे एका टेबलाशी बसले की प्रत्येकाच्या मायक्रोफोनमध्ये इतर तिघांचा आवाज थोडाफार शिरतोच. दोन मायक्रोफोनमधले अंतर हे तोंड आणि मायक्रोफोन यांमधल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, हा जुना नियम इथे चांगला उपयोगी पडतो. तोंडापासून १० ते १२ सेंटिमीटर आणि दोघांमध्ये हातभर अंतर, एवढे पाळले तरी संपादन पुष्कळ सोपे होते.

हेडफोनचा मुद्दा लोक सर्वांत शेवटी पाहतात. तो खरे तर सुरुवातीला पाहावा. ज्या माणसाला आपला आवाज कानात ऐकू येतो तो आपोआप मायक्रोफोनजवळ राहतो, आणि ज्याला येत नाही तो पाच मिनिटांत खुर्चीला टेकून मागे जातो. लाउडस्पीकरवर ऐकवण्याचा प्रश्नच नाही, तो आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये जातो आणि शिट्टी वाजते. दोन इनपुटच्या इंटरफेसला बहुधा हेडफोनची एकच जागा असते. तिथे साधी दुभागणारी पिन लावली तर सगळ्यांना एकच पातळी मिळते. एकाला मोठा वाटणारा आवाज दुसऱ्याला पुरत नाही. चौघांसाठी चार हेडफोन जागा आणि प्रत्येकीला स्वतःची गुंडी हवी. यंत्रात तसे नसेल तर चार जागांचा वेगळा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल आणि तो खर्च तुलनेत धरावा. याशिवाय हेडफोनमध्ये येणारा आवाज थेट यंत्रातून यावा, संगणकात जाऊन परत येऊ नये. परत येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो आणि स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की माणूस अडखळायला लागतो.

आता फोनवरच्या पाहुण्याकडे येतो, कारण साधा इंटरफेस बहुधा इथेच अडतो. पाहुण्याला आपले सगळ्यांचे बोलणे ऐकू गेले पाहिजे, पण त्याचा स्वतःचा आवाज त्याला परत जाता कामा नये. गेला तर त्याला आपलाच शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि बोलणे अशक्य होते. म्हणून त्याच्याकडे पाठवायचा मिक्स वेगळा तयार करावा लागतो, ज्यात त्याचा आवाज सोडून बाकी सगळे असतात. याला मिक्स-मायनस म्हणतात आणि रेडिओ केंद्रांवर ही पद्धत फार पूर्वीपासून रूढ आहे. पॉडकास्टसाठीची बहुतेक यंत्रे फोनच्या जोडणीवर हे काम आपणहून करतात. माहितीपत्रकात हा शब्द शोधावा आणि तो कोणत्या जोडण्यांना लागू आहे तेही पाहावे: केबलने जोडलेला फोन, ब्लूटूथ, की यूएसबीवरून संगणकातला कॉल.

साध्या मिक्सरवर हेच काम ऑक्स सेंडने (मुख्य मिक्सपासून वेगळा मिक्स बाहेर पाठवणाऱ्या गुंडीने) हाताने करता येते. प्रत्येक मायक्रोफोन चॅनेलचा ऑक्स वाढवावा, फोन ज्या चॅनेलवर येतो त्याचा ऑक्स शून्यावर ठेवावा आणि ऑक्सचे आउटपुट फोनच्या मायक्रोफोनच्या बाजूला द्यावे. मात्र फोनच्या चार कड्यांच्या पिनसाठी योग्य केबल आणि पातळी कमी करणारा ॲडॉप्टर लागतो, कारण फोनला मायक्रोफोनइतका क्षीण संकेत अपेक्षित असतो आणि मिक्सर त्याहून कितीतरी मोठा देतो. एकदा बसले की हे उत्तम चालते. पण कार्यक्रमाआधी दहा मिनिटे कोणीतरी ती एक ऑक्स गुंडी चुकून फिरवते आणि पाहुणा "मला माझाच आवाज येतोय" म्हणू लागतो. ज्यांच्याकडे तांत्रिक बाजू सांभाळणारा वेगळा माणूस नाही, त्यांनी हे यंत्रावर सोपवावे.

गेट (बोलणे थांबले की आवाज बंद करणारा), कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), डी-एसर ('स'काराची शिट्टी कमी करणारा) यांच्या जाहिराती मोठ्या असतात. रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकवर यांपैकी काही लागू होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (त्याखालचे जाड आवाज कापणारा) तेवढा चालतो. तो टेबलावरच्या धक्क्यांची गडगड काढतो. बाकी सगळे नंतर लावता येते आणि आवडले नाही तर काढताही येते, पण रेकॉर्डिंगमध्ये गेटने वाक्याची शेवटची अक्षरे गिळली तर ती परत येत नाहीत. म्हणून वेगळे ट्रॅक हे प्रक्रियेच्या आधीचे आणि फेडरच्या आधीचे मिळतात का, हे विचारून घ्यावे. अनेक यंत्रांत त्याची सेटिंग मेनूत खोल दडलेली असते.

आवाजाच्या तुकड्यांसाठीची रंगीत बटणे दिसायला छान असतात. शीर्षकसंगीत संपादनात जोडता येते, त्यामुळे थेट प्रक्षेपण करणार नसाल तर त्यांच्या संख्येवरून निवड करू नये.

रेकॉर्डिंग कुठे होते, याला मी फार वजन देतो. संगणक मध्येच अपडेट सुरू करतो, यूएसबी केबल पायात अडकते, प्रोग्रॅम बंद पडतो. कार्डावर लिहिणारे यंत्र या सगळ्यापासून अलिप्त राहते. जमल्यास कार्ड आणि संगणक दोन्हीकडे एकाच वेळी रेकॉर्ड करावे. जागेचा हिशेब सोपा आहे: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट घेतो, म्हणजे चार ट्रॅकचे दोन तास साधारण ४ गिगाबाइटमध्ये मावतात. पॉडट्रॅक पी४ हा ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर रेकॉर्ड करतो. बोलण्यासाठी तेही पुरेसे आहे, फक्त गेन नीट लावायला हवा. २४ बिटमध्ये पातळी सावधपणे खाली ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि हसण्याच्या उकळीत आवाज फाटू नये म्हणून ती मोकळी जागा ठेवायलाच हवी. ३२ बिट फ्लोटच्या यंत्रांत ही चिंता जवळजवळ संपते, पण माणूस मायक्रोफोनपासून दूर गेला तर तेही काही करू शकत नाही.

एवढे सगळे जमेस धरून आपल्या गरजेकडे परत येतो. चार मायक्रोफोन, चार हेडफोन, फोनवरचा पाहुणा आणि स्वतंत्र तंत्रज्ञ नाही, अशा वेळी पॉडट्रॅक पी४ हा किमान पुरेसा पर्याय आहे. तो दोन एए बॅटऱ्यांवरही चालतो, त्यामुळे रेकॉर्डिंग बाहेर जाऊन करायचे असले तर सोयीचा आहे. बजेट मोकळे असेल आणि रेकॉर्डिंग कायम एकाच खोलीत होणार असेल, तर रोडकास्टर प्रो २ जास्त सुखाचा: गेन भरपूर आहे, ब्लूटूथ आहे आणि वेगळे ट्रॅक यूएसबीवरही मिळतात. ऑडिओ इंटरफेसच घ्यायचा असेल तर त्यात चार खरे मायक्रोफोन प्रीॲम्प आहेत याची खात्री करावी. नावात मोठा आकडा असूनही त्यातले काही इनपुट फक्त लाइन पातळीचे, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण संकेत न वाढवणारे, असतात. शिवाय हेडफोन ॲम्प्लिफायर आणि मिक्स-मायनस यांची सोय स्वतः लावावी लागेल. उद्या सगळेच पाहुणे दूरवरून बोलणार असतील, तर मात्र हे सारे बाजूला ठेवून दोन इनपुटचा साधा इंटरफेस घ्यावा आणि प्रत्येक पाहुण्याला त्याच्या बाजूला स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगावे.

यंत्र हाती आले की परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. चौघांना बसवून अर्धा तास बोलावे, मध्ये एकदा सगळ्यांनी मोठ्याने हसावे, एकदा फोनवरून कोणाला तरी जोडावे आणि शेवटी एक मिनिट कोणीही बोलू नये. नंतर संगणकावर प्रत्येक ट्रॅक एकटा ऐकावा. हसण्याच्या जागी आवाज फाटला आहे का, फोनच्या ट्रॅकवर आपलेच शब्द मागाहून येतात का, आणि त्या शांत मिनिटात हिस्स अशी खरखर ऐकू येते, घूं असा वीजपुरवठ्याचा आवाज येतो की फक्त खोली ऐकू येते, हे लक्ष देऊन पाहावे. घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून तीच चाचणी पुन्हा करावी. बऱ्याचदा दोष यंत्रात नसून तिथे असतो.